प्रवाळाच्या घरचें पाणी

कांचेच्या पेटींतले रंगीत मासे आपल्या घरांतून येऊन बसले, त्यास आतां पुष्कळ वर्षें लोटलीं. हल्लीं कांहीं सुशिक्षित कुटुंबांत त्याहिपुढची हौस शिरूं लागली आहे. खाऱ्या पाण्याच्या पेटींत जिवंत प्रवाळ, म्हणजे आपलीं पोवळीं, वाढविण्याची ही हौस होय. अशाच एका घरांतून आम्हांस आलेल्या पत्रावरून हा लेख लिहीत आहों. पत्र लिहिणाऱ्या भगिनींचे धाकटे दीर नोकरीनिमित्त सहा महिने परगांवीं गेले आणि जातांना २०० लिटरची पेटी व मोरीजवळ भिंतीस टांगलेलें चार नळकांड्यांचें यंत्र वहिनींच्या स्वाधीन करून गेले. सासूबाईंचें म्हणणें असें कीं, नळास चांगलें नितळ पाणी येत असतां एका बादलीसाठीं तीन बादल्या मोरींत कां सोडावयाच्या? भगिनींचा प्रश्न निराळा आहे. यंत्राचें कोणतें अंग केव्हां बदलावें हें कोणीच नीट सांगत नाहीं, आणि पेटींतले जीव तर आपल्या हवालीं आहेत. तेव्हां करावें काय? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. शिवाय ज्यांच्या घरीं पोवळीं नाहींत, त्यांच्या स्वयंपाकघरांत या यंत्राचें भावंड बहुधा असतेंच; म्हणून उत्तर सर्वांच्या उपयोगी पडेल.

आधीं सासूबाईंचा प्रश्न घेऊं. प्रवाळ हा दगड नव्हे आणि झाडहि नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. या प्राण्यांच्या अंगांत एकपेशीय शैवाल राहतें. तें प्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानास देतें, आणि यजमान पाण्यांतला चुना घेऊन आपला सांगाडा रचतो. असें प्रवाळ ज्या समुद्रांत वाढतें, तेथील पाण्यांत नायट्रेट व फॉस्फेट हीं द्रव्यें नांवालाच असतात. तीं वाढलीं म्हणजे शेवाळ माजतें व पोवळ्यांस झांकून टाकतें. फॉस्फेटानें तर सांगाडा रचण्याच्या कामासच अडथळा येतो. सिलिका आली कीं कांचेवर तपकिरी साय धरते. नळाच्या पाण्यांत हीं सारीं द्रव्यें थोड्याबहुत प्रमाणांत असूं शकतात. आपल्या पोटास तीं बाधत नाहींत, म्हणून पाणी वाईट आहे असें आपण म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. परंतु माणसाचें चांगलें पाणी व प्रवाळाचें चांगलें पाणी या दोन भिन्न वस्तु आहेत.

"इतकें थोडें काय करणार?" असें कोणी म्हणेल. त्यासाठीं एक त्रैराशिक मांडूं. २०० लिटरच्या उघड्या पेटींतून रोज ३ लिटर पाण्याची वाफ होते असें धरा. वाफ होते ती निवळ पाण्याची. मीठ व इतर क्षार जागींच राहतात. म्हणून ही तूट गोड्या पाण्यानेंच भरून काढावी लागते. वर्षाचे ३६५ दिवस, रोजचे ३ लिटर, म्हणजे १०९५ लिटर पाणी झालें. नळाच्या पाण्यांत दर लिटरमागें २०० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार असले, तर वर्षाकांठीं २१९ ग्रॅम क्षार त्या पेटींत येऊन पडतील. अधूनमधून पेटींतलें थोडें पाणी बदलतात, त्याबरोबर कांहीं भाग निघून जाईल. परंतु त्या बदलाचें पाणीहि नळाचेंच असेल तर ओघ चालूच राहील. थेंबें थेंबें तळें सांचे ही म्हण आपण शुभार्थानें वापरतों. येथें ती उलट्या अर्थानें खरी ठरते. पाणी दिसावयास नितळ राहतें, आणि पोवळीं मात्र एकेक करून मिटूं लागतात.

येथेंच एक गोष्ट घरांतील वडील स्त्रियांस मुद्दाम सांगितली पाहिजे. आपल्याकडे तांब्याचें भांडें शुद्ध मानलें आहे, आणि देवाच्या पाण्यास तेंच योग्य. परंतु प्रवाळ, शिंपले, झिंगे अशा पृष्ठवंश नसलेल्या प्राण्यांस तांबें हें विष आहे, आणि तें अत्यल्प प्रमाणांतहि बाधतें. त्यांतून हें यंत्राचें पाणी इतकें कोरें असतें कीं, धातूस स्पर्श होतांच तें त्याचा अंश ओढूं पाहतें. म्हणून या पाण्यास तांब्या, हंडा, कळशी किंवा पितळी तोटी लागूं देऊं नये. अन्नासाठीं वापरतात त्या प्रकारचें झांकणाचें प्लॅस्टिकचें पिंप घ्यावें, त्यावर नांव लिहावें, आणि त्यांत दुसरें भांडें बुडवूं नये. प्रवाळाचें सोंवळें आपल्याहून निराळें आहे एवढें समजलें, म्हणजे पुढची अर्धी काळजी मिटते.

पाणी शुद्ध करण्याची विद्या आपणांस नवी नाहीं. सुश्रुतसंहितेंत पाणी निवळविणाऱ्या सात वस्तु सांगितल्या आहेत. त्यांत कतक म्हणजे निवळीचें बीं आहे, आणि वस्त्रहि आहे. परंतु त्या काळची निवळ म्हणजे गढूळपणा जाणें. पाण्यांत विरघळलेलें मीठ वस्त्रानें गाळलें जात नाहीं व निवळीनें तळाशीं बसत नाहीं. त्यास निराळा उपाय हवा होता. १७४८ सालीं नोले नांवाच्या फ्रेंच पाद्र्यानें असें पाहिलें कीं, प्राण्याच्या मूत्राशयाच्या पापुद्र्यांतून पाणी आपोआप एका बाजूनें दुसऱ्या बाजूस झिरपतें. हाच ओघ दाब देऊन उलटा फिरविला, तर पाणी पलीकडे जाईल व क्षार अलीकडे राहतील. ही कल्पना व्यवहारांत आणणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठांत सिडने लोब व श्रीनिवास सौरिराजन या दोघांनीं तयार केला. त्यांपैकीं दुसरे भारतीय, हें वाचकांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावें. या क्रियेस इंग्रजींत रिव्हर्स ऑस्मॉसिस म्हणतात. आपल्या घरोघरचें आर.ओ. तें हेंच.

आतां यंत्र पाहूं. त्यांतील चार नळकांड्यांचा क्रम ठरलेला आहे व प्रत्येक जण पुढच्याचें रक्षण करतो. पहिल्यांत गुंडाळलेल्या धाग्यांची किंवा दाबलेल्या तंतूंची वात असते. ती माती, गंज व गाळ अडविते. दुसऱ्यांत कोळसा असतो, बहुधा नारळाच्या करवंटीचा. तो क्लोरीन शोषून घेतो. तिसऱ्यांत मुख्य पडदा, ज्यास मेंब्रेन म्हणतात. गाळानें तो तुंबतो आणि क्लोरीननें तो कायमचा नासतो. पहिले दोन पहारेकरी त्याच्यासाठींच आहेत. पडदा सामान्यतः शेंकडा ९५ ते ९८ क्षार अडवितो. जे उरतात त्यांस चौथ्या नळकांड्यांतली राळ, म्हणजे डी.आय. रेझिनचे बारीक मणी, पकडून ठेवतात. स्वयंपाकघरांतील यंत्रांत हें चौथें अंग नसतें. उलट पुष्कळ यंत्रांत चवीसाठीं थोडें मूळ पाणी किंवा खनिजें पुन्हां मिसळण्याची सोय असते. म्हणून पिण्याचें आर.ओ. पाणी पेटींत घालून चालेल काय, या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं असें आहे. तसेंच राळेंतून आलेलें पाणी पिण्याकडे वळवूं नये. तें त्या कामासाठीं केलेलें नाहीं.

यंत्राची प्रकृति ओळखण्यास दोन साधनें पुरतात : एक दाबमापक आणि दुसरें टी.डी.एस. मोजण्याचें लहानसें यंत्र. दाब दर चौरस इंचास ५० ते ६० पौंड असला म्हणजे पडदा नीट काम करतो. गच्चीवरील टाकींतून १० मीटर खालीं आलेल्या पाण्याचा दाब सुमारें १४ पौंडच भरतो; म्हणून आपल्याकडील बहुतेक घरांत दाब वाढविणारा लहान पंप लावावा लागतो. पंप चालू असतां दाब पूर्वींसारखा राहत नाहीं, ६० चा ५० वर आला, तर पहिली वात तुंबली असें समजावें. एरवीं वात व कोळसा दर सहा महिन्यांनीं बदलण्याचा प्रघात आहे. परंतु पावसाळ्यांत धरणांत गढूळ पाणी येतें, तेव्हां वात दोनतीन महिन्यांतहि बदलावी लागेल. ती स्वस्त आहे. तिच्यावर काटकसर करून महाग पडदा गमावणें हा व्यवहार नव्हे.

कोळशाचें मात्र बाहेरून कांहीं दिसत नाहीं. तो थकला कीं नाहीं हें पाहण्यास, यंत्र मोरींत सोडतें त्या पाण्याचा नमुना घेऊन क्लोरीनची चांचणी करावी; त्या पाण्यानें कोळसा ओलांडलेला असतो. रंग उमटला तर त्याच दिवशीं कोळसा बदलावा. ज्यांचीं मुलें परदेशीं आहेत व तेथें अशी पेटी ठेवतात, त्यांस आणखी एक सूचना. तिकडील पुष्कळ शहरांत क्लोरीनऐवजीं क्लोरामिन वापरतात. सॅन फ्रॅन्सिस्को शहरानें २००४ सालीं हा बदल केला. क्लोरामिन साध्या कोळशानें सावकाश तुटतें आणि त्यांतून अमोनिया सुटतो. म्हणून तेथें दोन कोळशांचीं नळकांडीं किंवा त्या कामासाठीं मुद्दाम तयार केलेला कोळसा लागतो, आणि सुटलेला अमोनिया पकडण्यास ताजी राळहि हवी.

पडद्याची परीक्षा साध्या गणितानें होते. नळाच्या पाण्याचा आंकडा २०० आणि पडद्यानंतरचा ६ आला, तर १९४ अडले, म्हणजे शेंकडा ९७. हा पडदा उत्तम. तोच आंकडा पुढें २० झाला, तर शेंकडा ९० च अडूं लागले. अशा वेळीं आधीं दाब पाहावा. दाब ठीक असून आंकडा उतरत नसेल तर पडदा बदलावा. नीट जपलेला पडदा दोनतीन वर्षें चालतो. "राळ आहे ना पुढें, ती पकडील," असें म्हणून चालढकल करणाऱ्यांनीं हिशेब करावा : ६ च्या जागीं २० आले म्हणजे राळेवरचा भार तिपटीहून अधिक झाला, आणि ती तितक्याच लवकर संपली. थंडीच्या दिवसांत पाणी हळू येतें. तो पडद्याचा दोष नव्हे, थंड पाण्याचा स्वभावच तो. गीझरचें गरम पाणी मात्र यंत्रास कधींहि जोडूं नये.

राळेच्या बाबतींत आंकडा ० असला पाहिजे. तो १ किंवा २ झाला कीं राळ बदलावी. १० होण्याची वाट पाहूं नये. याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. राळ भरत आली म्हणजे ती घट्ट धरण्याजोग्या द्रव्यांस जागा देण्यासाठीं सैल धरलेलीं द्रव्यें सोडून देते. म्हणजे महिनोन्महिने सांचविलेलें नेमकें नको तें द्रव्य एकदम पेटींत जाऊं शकतें. शिवाय सिलिका टी.डी.एस. च्या यंत्रास जवळजवळ दिसतच नाहीं. ती राळेंतून निसटूं लागली तरी आंकडा ० च राहूं शकतो. म्हणून आंकड्याबरोबर राळेचा रंगहि पाहावा. रंग बदलणारी राळ मिळते. तिचा बदललेला पट्टा वरच्या टोंकाशीं पोंचूं लागला कीं नवी आणून ठेवावी. बोअरच्या पाण्यांत विरघळलेला कार्बन डायऑक्साइड पुष्कळदां अधिक असतो. तो पडद्यांतून सरळ पलीकडे जातो व राळ लवकर संपवितो. "आंकडा चांगला, पडदा नवा, तरी राळ टिकत नाहीं," या तक्रारीचें मूळ बहुधा येथें असतें.

बदलण्याची रीत अशी. प्रथम नळ व पंप बंद करून दाब उतरवावा. नळकांडें किल्लीनें सोडवून आंतून धुवावें. रबरी कडें पुसून, त्यास चीर नाहीं हें पाहून, सिलिकॉनचें वंगण बोटानें लावावें. व्हॅसलिन किंवा खोबरेल लावूं नये, त्यानें रबर खराब होण्याचें भय असतें. नवा कोळसा बसविल्यावर पडद्याकडे जाणारी नळी सोडून, काळी पूड निघून जाईपर्यंत पाणी मोरींत सोडावें. ती पूड पडद्यावर जाऊं देणें म्हणजे नव्या खर्चास आमंत्रण. नवा पडदा बसविला तर पहिल्या तासादोनतासांचें पाणी राळेंत न नेतां टाकून द्यावें. शेवटीं सर्व सांधे कोरड्या कागदानें टिपून थेंब गळतो काय हें पाहावें, आणि नळकांड्यावर त्या दिवसाची तारीख चिकटवावी. यंत्र उन्हांत ठेवूं नये. पारदर्शक नळकांड्यांत शेवाळ धरतें.

रोजच्या वापरांतहि एक पथ्य आहे. यंत्र बंद असतां पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होऊं पाहतात. म्हणून सुरू केल्यावर पहिल्या दोनतीन मिनिटांचें पाणी बरेंच क्षारयुक्त येतें. तें राळेपूर्वींच बाजूस काढावें. यास्तव रोज तांब्याभर पाणी करण्यापेक्षां आठवड्यांतून एकदां २५ लिटर एकदम करून पिंपांत ठेवणें चांगलें. पाणी भरत असतां यंत्र सोडून बाहेर जाऊं नये. घड्याळाचा गजर लावावा. यंत्र आठवडाभर तरी बंद राहणार असेल तर पुन्हां चालवितांना पाणी थोडा वेळ मोरींत वाहूं द्यावें. पडदा वाळूं देऊं नये. एकदां वाळला कीं त्याचें पूर्वपद येत नाहीं.

आतां मोरींत जाणारें पाणी. सासूबाईंचा खरा आक्षेप हा, आणि मे महिन्यांत टँकरची वाट पाहणाऱ्या सोसायटींत तो नुसता आक्षेप नव्हे, अपराधाचा प्रश्न आहे. आमच्या हिशेबानें रोजच्या तुटीचें ३ लिटर आणि महिन्यास एकदां पाणी बदलण्याचे २५ लिटर, म्हणजे महिना ११५ लिटर शुद्ध पाणी लागतें. त्यासाठीं तिप्पट, म्हणजे ३४५ लिटर पाणी दुसऱ्या नळींतून बाहेर पडतें. परंतु तें घाण पाणी नव्हे. २०० आंकड्याचें ४ लिटर पाणी आंत गेलें, त्यांतील १ लिटर शुद्ध निघालें, तर उरलेल्या ३ लिटरांचा आंकडा सुमारें २६५ येतो. हें पाणी फरशी पुसण्यास, कपडे भिजविण्यास, संडासास आणि तुळशीसह सर्व कुंड्यांस चालेल. नळी मोरींत न सोडतां पिंपांत सोडावी, एवढेंच. बोअरचें १००० आंकड्याचें पाणी असेल तर बाहेर पडणारें १३०० च्या वर जाईल. तें झाडांस न घालतां फरशीस व संडासास वापरावें. पाणी वांचविण्यासाठीं बाहेरची नळी चिमटण्याचा मोह मात्र टाळावा. तें पाणीच पडद्यावरचे क्षार धुवून नेतें. तें अडविलें कीं पडद्यावर चुन्याचें पुट चढतें, आणि बादली वांचवितां पडदा जातो. जेथें हें पाणी वापरावयास खरोखरच जागा नाहीं व पिण्याचेंहि पाणी मोजून मिळतें, तेथें ही हौस करूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणें सांगणें आम्ही कर्तव्य समजतों. आपल्या समुद्रांतील प्रवाळास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं कडक संरक्षण आहे. मालवणास सहलीस गेल्यावर किनाऱ्याजवळच्या खडकावरून एक जिवंत तुकडाहि आणूं नये, व कोणी विकत देऊं लागला तर घेऊं नये. परदेशांतून पैदास होऊन आलेले तुकडेहि रीतसर कागदपत्रांवांचून घरांत येऊं देऊं नयेत, आणि ते कागद पेटीच्या मालकाजवळ नीट जपलेले असावेत. समुद्रांत या जीवावर आधींच संकट आहे. पाणी तापलें कीं प्रवाळ आपल्या अंगांतील शैवाल टाकून देऊन पांढरें पडतें. २०२४ सालीं लक्षद्वीपच्या बेटांवर असें मोठ्या प्रमाणावर घडलें. घरच्या पेटीनें समुद्र वांचणार नाहीं. परंतु जो मुलगा एका पेटीचें पाणी वर्षभर मोजून सांभाळतो, त्यास समुद्राचें पाणी बिघडणें म्हणजे काय हें पुस्तकांत वाचावें लागत नाहीं.

शेवटीं व्यवस्थेविषयीं. एकत्र कुटुंबांत सर्वांचें म्हणून ठेवलेलें काम कोणाचेंच राहत नाहीं, हा अनुभव सार्वत्रिक आहे. म्हणून यंत्राजवळ एक वही टांगावी. दर रविवारीं दाब आणि तिन्ही ठिकाणचे आंकडे, म्हणजे नळाचा, पडद्यानंतरचा व राळेनंतरचा, तारखेसह लिहावेत. हें काम इयत्ता सातवीआठवींतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावें. शेंकडेवारीचा असा जिवंत धडा वर्गांत मिळत नाहीं. महिन्यास क्लोरीनची चांचणी वहिनींनीं करावी. वात व कोळसा बदलण्याचे दिवस गुढीपाडवा व दसरा असे नेमून टाकावेत; ते सहा महिन्यांच्या अंतरानें येतात व विसरत नाहींत. पावसाळ्यांतली जादा वात आषाढी एकादशीनंतर पाहावी. एक वात, एक कोळसा आणि राळेची एक पिशवी नेहमीं घरांत शिलकी असावी. कारण राळ संपते ती दुकान बंद असलेल्या दिवशींच. पुढें वहींतले आंकडे सांगतील त्याप्रमाणें मुदती कमीजास्त कराव्यात. पाणी डोळ्यांना नितळ दिसतें यावर कोणीहि विसंबूं नये. वहींत आंकडा लिहिला नसेल तर त्या आठवड्यांत यंत्र पाहिलें गेलें नाहीं असें समजावें.